जुन्या मोटारीतील पेट्रोलचा वास



जुन्या मोटारीला पेट्रोलचा थोडा वास यायचाच, अशी समजूत हौशी मालकांत रूढ आहे. ती घातक आहे. वास म्हणजे इंधन कोठेतरी बाहेर पडत असल्याची सूचनाच होय.

इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही स्पोर्ट्स कार उदाहरणादाखल घेऊ. तिची टाकी मागे, डिकीखाली असते. तेथून पेट्रोल धातूच्या नळीने पुढे येते व अखेरीस रबरी नळीतून कार्ब्युरेटरात पोहोचते. कार्ब्युरेटरच्या खालीच तप्त एक्झॉस्ट असल्यामुळे तेथे ठिबकणारा थेंबही आगीस कारण ठरू शकतो.

काळाने व उष्णतेने रबर कडक होऊन त्यास तडे जातात. त्यातच ब्रिटनमध्ये २०२१ पासून १० टक्क्यांपर्यंत, तर भारतात २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल प्रचारात आले. इथेनॉलामुळे जुन्या प्रकारचे रबर फुगते व कमकुवत होते. बाहेरून धड दिसणारी नळी आतून निकामी झालेली असू शकते.

पेट्रोलची वाफ हवेहून जड असते; ती बंद गॅरेजात जमिनीलगत साचते. म्हणून वास येताच इंजिन सुरू करू नये, दिव्याचे बटणही दाबू नये. दारे उघडावीत व मोटार ढकलून बाहेर काढावी. एका नळीस तडा आढळल्यास सर्वच रबरी नळ्या बदलाव्यात आणि नव्या नळ्या इथेनॉलास टिकणाऱ्या असल्याची खात्री करून घ्यावी.

हा खर्च अल्प आहे. दुर्लक्षाची किंमत मात्र जीवितानेही मोजावी लागते.