यादीत न आलेली नावे
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे ‘बदलत्या ऊर्जेच्या काळात तेल आणि वायू उद्योग’. मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, आणि समोर निम्मे सभागृह कोयली रिफायनरीतले. म्हणजे हलवायाला लाडूची कृती सांगण्याचाच प्रकार! तरी बोलतो, कारण तुमच्यावर उद्या जी वेळ येणार आहे ती आमच्या डिझेल शेडवर येऊन गेली.

आपल्या बडोद्याचे तेलाशी नाते जुने आहे. १९६० साली अंकलेश्वरला तेल सापडले, १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली. इथल्या कितीतरी मराठी घरांची चूल त्यावर पेटली. माझीही पेटली, कारण मी नोकरीला लागलो तो डिझेल इंजिनांवर.

आमच्या शेडमध्ये एक वयस्क मिस्त्री होते. चालू इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून दांडा कानाशी धरत आणि कुठल्या सिलिंडरमध्ये बिघाड आहे ते सांगत. पुढे मार्गांचे विद्युतीकरण झपाट्याने झाले. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सच्या नावातून २०२० साली ‘डिझेल’ हा शब्दच गेला. आमच्या शेडमध्येही विजेची इंजिने आली. तेव्हा मिस्त्री मला म्हणाले, “साहेब, आता माझ्या कानांचं काय करायचं?”

उत्तर कामातच सापडले. डिझेल इंजिनातही चाके फिरवतात त्या विजेच्या मोटारीच. डिझेल जाळून फक्त वीज तयार होते. बोगी, ब्रेक, बेअरिंग ओळखीचेच होते. प्रशिक्षणानंतर दोन महिन्यांत एका मोटारीच्या बेअरिंगचा बिघाड याच मिस्त्रींनी आवाजावरून पकडला.

तेल उद्योगाचेही तसेच आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ इंधन आले. डिझेलमधले गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणावे लागले. गंधक काढायला हायड्रोजन लागतो. तो नैसर्गिक वायूपासून केला, तर एका किलोमागे साधारण नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तोच हायड्रोजन पाण्यापासून, सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेवर करता येतो. गेलने मध्य प्रदेशात विजयपूरला २०२४ साली १० मेगावॉटचा असा प्रकल्प सुरू केला. तो हायड्रोजन सांभाळायला दाब, पाइप, व्हॉल्व्ह आणि गळती यांची जाण असलेली माणसेच लागणार. ती तुमच्याकडे आहेत.

पण गोडच बोललो तर खोटे होईल. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे, जगभरच्या तेल-वायू कंपन्यांनी २०२२ साली आपल्या भांडवली खर्चातला जेमतेम अडीच टक्के स्वच्छ ऊर्जेवर घातला. आम्हीही फार मिरवू नये. विजेचे इंजिन धूर सोडत नाही, पण आपल्या देशातली बरीचशी वीज अजून कोळशावरच होते. मोठा पल्ला दोघांनाही गाठायचा आहे.

आता मनातली गोष्ट सांगतो. मिस्त्रींना प्रशिक्षण मिळाले, कारण त्यांचे नाव यादीत होते. इंजिनांत डिझेल भरणारी कंत्राटी मुले यादीत नव्हती. फ्युएल पॉइंटचे काम आटले तशी ती एकेक करून दिसेनाशी झाली. त्यातला एक रोज सकाळी मला चहा आणून देई. जाताना तो काही बोलला नाही. यादी मी केली होती. नियमात फक्त कायम कर्मचारी बसत होते, म्हणून मी विचारलेसुद्धा नाही. विचारले असते तर नकार आला असता कदाचित. पण मी विचारले नाही, हे खरे.

तुमच्याकडे अजून वेळ आहे. रिफायनरी उद्या बंद होणार नाही. पण नव्या प्रकल्पासाठी माणसांची यादी कराल, तेव्हा टँकर भरणारा, टाकी साफ करणारा, शटडाउनला येणारा वेल्डर, यांचीही नावे लिहा. नियमात बसत नसतील तर निदान वरच्यांना विचारा.

बाप्पा आपल्या सर्वांना ती बुद्धी देवो. गणपती बाप्पा मोरया!