मृगाआधीचं शिवार



रोहिणी नक्षत्र लागलं, मृग दहा-बारा दिवसांवर आला, की देवगाव रंगारीच्या शिवारात सकाळी सहालाच बाहेर पडावं. नऊनंतर ढेकळं तापतात. कपाशीची, मक्याची रानं नांगरून उघडी पडलेली असतात. बाभळीवर सरड्याचं डोकं लालबुंद झालेलं. हा त्याच्या विणीचा काळ. लिंबाच्या झाडात कुठंतरी कोकीळ, पलीकडं पावशा. कन्नडजवळच्या गौताळ्याला 1986 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. आपल्या बांधांना तसा काही दर्जा नाही, पण जीव इथंही नांदतात.

मला सगळ्यांत जास्त थांबवते ती टिटवी. डोक्यावर येऊन ओरडायला लागली, की समजावं, घरटं जवळ आहे. घरटं म्हणजे काय, तर उघड्या जमिनीत केलेला उथळ खळगा, भोवती खडे नाहीतर शेळीच्या लेंड्या. त्यात बहुधा 4 अंडी, टोकं आत करून मांडलेली. रंग असा मातकट आणि ठिपकेदार, की पायाशी असूनही दिसत नाहीत. मे महिन्यात या अंड्यांना ऊब नको, सावली हवी असते. टिटवी त्यांच्यावर उभी राहते, पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. नर-मादी आळीपाळीनं हे करतात, साधारण 28 दिवस. पिल्लू अंड्यातून निघालं, की अंग सुकताच चालायला लागतं.

टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, असं जुनी माणसं सांगतात. त्या भरवशावर पेरणी करू नये, असंच मी म्हणेन. पण त्या समजुतीपायी माणसं घरटं शोधायची, त्याची जागा ध्यानात ठेवायची, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता वखराची शेवटची पाळी सुरू होईल, कुणी बांधावरचं वाळलं गवत पेटवील. त्या गवतात तितराचीही अंडी असतात. शेतकरी बंधू-भगिनींनो, काडी ओढण्याआधी बांधावरून एकदा चालत जा. टिटवी ओरडली तर बैल असोत की ट्रॅक्टर, जरा थांबवा, खाली बघा. अंडी दिसली तर चार दगड लावून खूण करा आणि तेवढा तुकडा महिनाभर सोडून द्या.