पत्र्याच्या बोटीतलं भूत





जबलपूरच्या विजय नगरमधल्या या शाळेत आज कार्यक्रमाआधी काही मुलांना मी ही पत्र्याची बोट दाखवली. पोटात मेणबत्ती पेटवली की परातीतल्या पाण्यात ती फटफट करत फिरते. चावी नाही, सेल नाही. म्हटलं, ‘ही कशी चालते? जादूचंच कारण सांगा.’ एक मुलगी म्हणाली, आत बेडूक आहे. चटका बसला की मागे लाथा झाडतो. एक मुलगा म्हणाला, आत भूत आहे. ते पाणी पितं आणि गरम झालं की चूळ टाकतं.

मुलांनो, या दोन्ही गोष्टी तपासता येतात! मेणबत्ती विझली की बोट थांबते. इथवर दोघांचंही बरोबर. मग बोटीच्या मागे पाण्यात बुडालेल्या नळीच्या तोंडाशी शाईचा थेंब सोडा. बेडूक असेल तर शाई नुसती मागे जाईल, भूत असेल तर आतही ओढली जाईल. ती आत-बाहेर होते. भूत जिंकलं! बोटीतल्या तापलेल्या डबीतली वाफ नळीतलं पाणी बाहेर ढकलते. वाफ निवली की पाणी परत आत येतं. तोमा पिओ यांनी 1891 साली अशाच बोटीच्या पेटंटसाठी इंग्लंडमध्ये अर्ज केला होता.

पण मग आत येणारं पाणी बोटीला मागे का नेत नाही? फुंकर मारून मेणबत्ती विझवा, मग श्वास आत ओढून विझवून पाहा. दुसरं जमत नाही. पाण्याचंही तसंच: बाहेर जाणारी धार एका दिशेनं जाते, आत येणारं पाणी चहूकडून येतं.

आपल्याच नर्मदेकाठी, होशंगाबाद जिल्ह्यात, 1972 साली 16 शाळांमधून मुलांनी असं स्वतः करून विज्ञान शिकायला सुरुवात केली. 1978 मध्ये अरविंद गुप्ता हे इंजिनिअर नोकरीतून रजा घेऊन तिथे आले आणि आगकाड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबमधून खेळणी घडवू लागले. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत त्यांनी हेच काम वर्षानुवर्षं केलं.

पालकहो, मूल ‘आत भूत आहे’ म्हणालं, तर कृपा करून त्याला गप्प करू नका. ‘ते खातं काय, झोपतं कधी?’ असं विचारा. त्याचा पहिला प्रयोग तिथूनच निघेल.

आणि मुलांनो, मदन महालचा बॅलन्सिंग रॉक 1997 च्या भूकंपातही पडला नाही. त्याला कोणी धरून ठेवलंय? रविवारी जाऊन पाहा, गोष्ट रचा, आणि ती खोटी ठरवायची युक्तीही शोधून बाईंना सांगा.