बायपासपूर्वी विचारावयाचा दुसरा प्रश्न
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



घरात कोणाची बायपास शस्त्रक्रिया ठरली, की आप्तमंडळी डॉक्टरांस प्रथम विचारतात, “किती नळ्या बंद आहेत?” प्रश्न योग्यच आहे. तथापि त्याच्या जोडीस दुसरा एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : “फुप्फुसाच्या धमनीतील दाब किती आहे?”

हृदय हे वस्तुतः दोन पंपांचे जोडकाम होय. डावा पंप सर्व शरीरास रक्त पुरवितो. दंडाला पट्टा बांधून आपण मोजतो तो त्याच्या बाजूचा दाब. उजवा पंप रक्त केवळ फुप्फुसांकडे धाडतो. तेथील सरासरी दाब निरोगी माणसात पाऱ्याच्या सुमारे १४ मिलिमीटर इतकाच असतो. तो २० च्या वर गेला, म्हणजे विकार समजावा, असे २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. उजव्या पंपाची भिंत पातळ असते. हलकी पाटी वाहणाऱ्याच्या डोक्यावर एकाएकी धान्याचे पोते चढवावे, तशी दाब अकस्मात वाढल्यास त्याची गत होते.

हा दाब वाढतो कशाने? हृदयरोग्यांत बहुधा डावा पंप दुबळा झाल्याने रक्त मागे तुंबते. तंबाखूच्या धुराने जीर्ण झालेली फुप्फुसे, झोपेत श्वास अडण्याचा विकार, फुप्फुसांत अडकलेल्या गुठळ्या, ही अन्य कारणे होत. चुलीच्या धुराचाही यात वाटा आहे. फुप्फुसविकारामुळे उजव्या हृदयावर येणाऱ्या ताणासंबंधी दिल्लीच्या डॉ. पद्मावती यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या धुराकडे लक्ष वेधले होते.

१९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपासची जी वाट प्रशस्त केली, तिने असंख्य प्राण वाचविले. परंतु बायपासने हृदयाच्या स्नायूस रक्त मिळते. फुप्फुसांतील रक्तवाहिन्या तेवढ्याने सुधारतातच असे नाही. शिवाय शस्त्रक्रियेच्या वेळी प्राणवायू कमी पडला, कर्बवायू साचला, शरीर थंड पडले, किंवा हेपारिनचा परिणाम उतरविणारे प्रोटामीन एखाद्यास बाधले, तर हा दाब उसळी घेतो. उजवा पंप थकला, की डाव्यास रक्त अपुरे पोहोचते, सर्व शरीराचा दाब उतरतो आणि खुद्द उजव्या पंपाचेही पोषण घटते. असे हे दुष्टचक्र आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेचा धोका आजमावणाऱ्या ‘यूरोस्कोर’ या पद्धतीत १९९९ पासून या दाबास स्थान आहे.

याचा अर्थ अशा रोग्याने शस्त्रक्रिया करूच नये, असा मुळीच नाही. धोका आधी कळला, तर तयारी करता येते. घाई नसेल तेव्हा अंगातील अधिक पाणी औषधाने उतरवावे, फुप्फुसांवर उपचार करावेत, तंबाखू सोडवावी, श्वासाचे व्यायाम शिकवावेत. भूलतज्ज्ञही मिलरिनोन, नायट्रिक ऑक्साइड वायू यांसारखी साधने सिद्ध ठेवू शकतात. इकोने दाबाचा अंदाज मिळतो. शंका उरल्यास हृदयात बारीक नळी सरकवून तो नेमका मोजता येतो. डावा पंप सुधारल्यास पुढे हा दाब कित्येकदा उतरतोही.

तेव्हा आमची विनंती एवढीच, की डॉक्टरांपासून काही लपवू नका. विडी-तंबाखू, घोरणे, पायांची सूज, जिना चढताना लागणारी धाप, सर्व सांगा. “वयच झाले” म्हणून आपल्या माता-भगिनी धाप मुकाट्याने सोसतात. त्यांना घरच्यांनीच विचारले पाहिजे. आणि डॉक्टरांनी तयारीसाठी चार आठवडे मागितले, तर ती चालढकल समजू नका. ते चार आठवडेही उपचाराचाच भाग होत.