प्राणिशास्त्र : ऐच्छिक कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमीन, मजुरी आणि महागाई यांवर चर्चा करणाऱ्या या अभ्यासवर्गात प्राणिशास्त्राच्या शिक्षकाचे काय काम, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु अकरावीच्या प्रवेशअर्जात ऐच्छिक विषयांचा जो लहानसा रकाना असतो, त्यात समाजरचनेचा एक मोठा सवाल दडलेला आहे, असे माझा अनुभव मला सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शेतमजुराची मुलगी अर्ज भरण्यासाठी आली. त्या रकान्यात तिने जीवशास्त्र लिहिले होते. खिडकीमागच्या लेखनिकाने विचारले, "डॉक्टर व्हायचंय का? क्लासची फी परवडेल?" मुलगी क्षणभर थांबली आणि तिने तो शब्द खोडला. मी शेजारीच उभा होतो. मी काही बोललो नाही. त्या मौनाची टोचणी आजही आहे.

लेखनिक दुष्ट नव्हता. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या 720 गुणांपैकी 360 गुण जीवशास्त्राचे असतात. त्यामुळे वनस्पती आणि प्राणी यांचे हे शास्त्र केवळ प्रवेशाची शिडी बनले आहे. ज्याला शिडी चढणे परवडत नाही त्याने त्या वाटेस जाऊ नये, हा अलिखित नियम झाला. ज्यांना परवडते ते खाजगी वर्गात प्रश्नपेढ्या घोकतात, आणि कित्येक कनिष्ठ महाविद्यालयांतील प्रयोगशाळा धूळ खात पडतात. विषय घेणारा आणि न घेणारा, दोघेही ज्ञानाला मुकतात.

हे ज्ञान कोणते? माशाच्या हृदयाला दोन कप्पे असतात, बेडकाच्या तीन आणि माणसाच्या चार. वटवाघळाचा पंख, देवमाशाचा वल्ह्यासारखा अवयव आणि मजुराचा हात यांतील हाडांची मांडणी मुळात एकच आहे. हे एकदा नीट पाहिले की सर्व सजीवांचे नाते आपोआप उलगडते. यालाच उत्क्रांती म्हणतात. प्राणिशास्त्रात 'जाती' या शब्दाचा अर्थही वेगळा आहे. ज्यांची आपसांत प्रजननक्षम संतती होऊ शकते ते जीव एका जातीचे. या कसोटीवर पृथ्वीवरील सारी माणसे एकाच जातीची ठरतात. बेटीबंदीच्या भिंती निसर्गाने बांधलेल्या नाहीत. जातिभेदाला वंशभेदाचा आधार नाही, हे बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली जातिनिर्मूलनावरील आपल्या न झालेल्या भाषणात मांडलेच होते.

आणि नेमका हाच भाग आज ऐच्छिक होत चालला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानपुस्तकातून 2023 साली उत्क्रांतीचा भाग गाळला गेला. विद्यार्थ्यांवरील ओझे कमी केले, आणि हा विषय बारावीत आहेच, असे समर्थन झाले. 1,800हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी जाहीर पत्राद्वारे निषेध केला. बारावीत आहे हे खरे. पण तो जीवशास्त्र घेणाऱ्यांसाठी! दहावीनंतर शाळा सोडणाऱ्याचे काय? वाणिज्य शाखेला जाणाऱ्याचे काय? त्या खिडकीपुढे शब्द खोडणाऱ्या मुलीचे काय? जानेवारी 2018मध्ये आपल्याच औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्याने डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे सांगितले, तेव्हा देशातील तीन विज्ञान अकादमींना संयुक्त पत्रक काढून त्याचे खंडन करावे लागले. त्या दोन घटनांचा धागा आपण ओळखला पाहिजे.

काही साथी म्हणतील, डार्विनच्या नावाने तर बळी तो कान पिळी याचेच समर्थन झाले. ते झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सर्वांत लायक तोच टिकतो, ही शब्दयोजना मूळची हर्बर्ट स्पेन्सरची. सैबेरियात प्राणिजीवन पाहिलेल्या क्रोपोटकिनने 1902 सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की परस्परसाहाय्य हाही जीवांच्या टिकाव धरण्याचा मार्ग आहे. शास्त्राचा दुरुपयोग रोखायचा तर शास्त्र बहुजनांच्या हाती गेले पाहिजे. त्यांच्यापासून दूर ठेवून तो रुकत नाही.

1976च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले. कर्तव्य सर्वांचे आणि त्याचे साधन मात्र ऐच्छिक, ही विसंगती आहे. म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी : उत्क्रांती दहावीपर्यंत सर्वांना शिकविली जावी, आणि पुढे जीवशास्त्र घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला चालू स्थितीतील प्रयोगशाळा मिळावी.

परंतु मागणीची वाट पाहत बसू नका. येत्या जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी आपापल्या तालुक्यातील महाविद्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहा. एखादी मुलगी तो शब्द खोडू लागली, तर मी राहिलो तसे गप्प राहू नका.