बाळाची पांढरी शी

आयांनो, आज्यांनो आणि मागे बसलेल्या बापमंडळींनो,

आज मी बाळाच्या शीबद्दल बोलणार आहे. हसू नका. मागच्यांनीही ऐका.

जन्मल्यावर दोन-तीन दिवसांनी पुष्कळ बाळे पिवळी दिसतात. बहुतेकांचे ते आपोआप जाते. पण चौदा दिवस उलटले, डोळे पिवळेच आहेत, लघवी गडद आहे आणि शी खडूसारखी पांढरी आहे, तर ती साधी कावीळ नव्हे.

आपल्या यकृतात पित्त तयार होते. ते बारीक नळ्यांतून आतड्यात उतरते. शीला रंग येतो तो पित्ताचा. तुम्ही नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर रात्री दारं धरता. दंड बुजला तर काय होतं? पुढचा ऊस वाळतो आणि मागचं रान चिबडतं. इथेही तसेच. नळ्या बुजतात, पित्त तुंबते, यकृत नासते. डॉक्टर याला बिलियरी अ‍ॅट्रेसिया म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल.

आमच्या वस्तीवर असेच एक बाळ होते. दूध प्यायचे, गुटगुटीत दिसायचे. काविळीची माळ घातली, झाडपाला झाला. तीन महिन्यांनी पुण्याला नेले. डॉक्टरांनी विचारले, "शी कसली होते?" बाप गप्प. आई म्हणाली, "पहिल्यापासून पांढरी. मला वाटलं, दुधाचीच असंल." ते मूल वाचले नाही. आणि बायका त्या आईलाच बोल लावीत राहिल्या, की गरोदरपणी हिनं काहीबाही खाल्लं.

हे खोटे आहे. नळ्या नेमक्या कशाने बुजतात हे अजून पुरते उलगडलेले नाही. पण शास्त्रज्ञांनी उंदराच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना माकडात सापडलेला एक विषाणू टोचून पाहिला. पिल्ले पिवळी पडली, नळ्या बुजल्या. पुढे विषाणू अंगातून गेला, तरी अंगातल्या राखणदार पेशी थांबेनात. त्या नळ्यांवरच तुटून पडल्या. चोर पळाला आणि राखणदारच घर फोडू लागला! तोच विषाणू पिल्लू जरा मोठे झाल्यावर टोचला तर असे होत नाही. बाळांतही असेच काही घडत असावे, असा तज्ज्ञांचा कयास आहे. त्यात आईच्या खाण्याचा काय संबंध?

उपाय आहे. जपानच्या मोरिओ कासाई या सर्जनने १९५९ साली एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आतड्याचा तुकडा वर नेऊन यकृतालाच जोडतात. नवा दंडच काढायचा म्हणा ना. ती साठ दिवसांच्या आत झाली तर गुण येण्याची आशा जास्त. सगळ्यांनाच येतो असे नाही. मग यकृत बदलावे लागते. १९९८ साली दिल्लीत कांचीपुरमच्या अशाच एका मुलाला त्याच्या बापाच्या यकृताचा तुकडा बसवला. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

तेव्हा शी रोज उजेडात बघा. हल्ली डायपर गुंडाळून फेकतात, त्यात रंग कोण बघतो? पांढरी दिसली तर त्याच दिवशी इंदापूरच्या नाहीतर बारामतीच्या सरकारी दवाखान्यात जा. काविळीचं रक्त तपासायला सांगा. आणि लंगोट धुऊ नका, तसाच बरोबर न्या.