पट्ट्यावरची मिनिटं



या परिषदेचा अध्यक्ष म्हणून आज एकाच तपासणीबद्दल बोलतो. टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी. आपण सगळेच डॉक्टर ती लिहून देतो आणि रिपोर्ट बहुतेकदा शेवटच्या ओळीपुरता वाचतो: पॉझिटिव्ह की निगेटिव्ह.

बावन्न वर्षांच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. छातीत दुखत नव्हतं, दम लागत नव्हता. शाळेतल्या सगळ्यांनी मिळून हेल्थ चेकअपचं पॅकेज घेतलं, त्यात ही तपासणी होती. रिपोर्ट पॉझिटिव्ह. मीही शेवटची ओळ वाचली आणि त्यांना अँजिओग्राफीला पाठवलं. तीन आठवडे बाईंना झोप नव्हती. मुलीचं लग्न पुढे ढकलायचं घरात चाललं होतं. धमन्या स्वच्छ निघाल्या. नंतर तो कागद नीट पाहिला. बाई साडेदहा मिनिटं चालल्या होत्या, छातीत एकदाही दुखलं नव्हतं. उत्तर पहिल्या पानावरच छापलेलं होतं.

सिअ‍ॅटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडलेली पद्धत आपण आजही वापरतो. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ. दर तीन मिनिटांनी वेग वाढतो, चढही वाढतो. म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. नऊ मिनिटं पुरी करणाऱ्याने साधारण १० मेट्स, म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराच्या दहापट, इतकं काम केलेलं असतं. २००२ मध्ये मायर्स आणि सहकाऱ्यांनी ६,२१३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षमता एका मेटने जास्त, तर जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी चांगली. टीएमटीवरून धोका मोजणाऱ्या ड्यूक स्कोअरची सुरुवातही मिनिटांपासूनच होते; त्यातून ईसीजीतली एसटी रेषा खाली गेल्याचे आणि छातीत दुखल्याचे गुण वजा होतात. पट्टा थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी १२ ठोक्यांनीही उतरली नाही, तर तीही धोक्याची खूण आहे. हे रिपोर्टमध्ये असतं. वाचणारा हवा.

एक मात्र तपासणीच्या खोलीत उभं राहूनच कळतं. पेशंट घाबरतो, पुढचा दांडा घट्ट धरतो, अंगाचा भार हातांवर टाकतो. मग मिनिटं वाढतात, पण ती खरी नसतात. टेक्निशियनला सांगा: बोटं नुसती टेकलेली हवीत.

आता पॅकेजचा हिशोब. अनेक अभ्यास एकत्र केले तर या ईसीजी तपासणीची संवेदनशीलता सरासरी ६८ टक्के आणि विशिष्टता ७७ टक्के येते. समजा, तक्रार नसलेली हजार माणसं पट्ट्यावर चढवली आणि त्यांतल्या पन्नास जणांना खरोखर आजार आहे. पन्नासांतले ३४ सापडतील, आणि निरोगी ९५० पैकी २१८ जणांवर पॉझिटिव्हचा शिक्का बसेल. म्हणजे सात पॉझिटिव्हमागे आजारी एक! तेच यंत्र, तोच पट्टा, पण चालताना छाती भरून येणाऱ्या साठीच्या मधुमेही माणसाला लावा. तिथे यंत्राचा शब्द खरा ठरतो. तपासणी चांगली की वाईट हे माणूस कोण यावर ठरतं. तक्रार नसलेल्या, कमी धोक्याच्या माणसाला ती पॅकेजमध्ये विकणं मला मान्य नाही. हे मी या व्यासपीठावरून स्पष्ट सांगतो.

निगेटिव्हचंही तसंच. पट्टा दाखवतो तो रक्तपुरवठ्यातला अडथळा. पण फुटून अटॅक आणणारा चरबीचा थर पुष्कळदा धमनी फारशी न अडवणारा असतो. "टीएमटी नॉर्मल आली डॉक्टर" म्हणून सिगारेट चालू ठेवणाऱ्याला हे आपणच समजावायचं आहे. तो कागद बघून दुसरं कुणी समजावणार नाही.

म्हणून या परिषदेतून एक विनंती घेऊन जा. तपासणी लिहिताना चिठ्ठीवर तिचं कारण लिहा. आणि रिपोर्ट हातात आला की आधी विचारा: किती मिनिटं चाललात, आणि का थांबलात?